वहीतली चौदावी ओळ

बालमित्रांनो, 'संकल्प' हा शब्द तुम्ही वर्षातून किती वेळा ऐकता? जूनमध्ये शाळा उघडली की एकदा, दिवाळीची सुट्टी संपली की एकदा, एक जानेवारीला एकदा आणि गुढीपाडव्याला एकदा. नवी कोरी वही असते. पहिल्या पानावर झोकदार अक्षरात लिहिलेलं असतं : रोज पहाटे पाच वाजता उठेन. रोज दोन तास अभ्यास करीन. खोटं बोलणार नाही. मोबाइलला हात लावणार नाही.

पहिले चार दिवस गजराच्या आधीच जाग येते. पाचव्या दिवशी गजर वाजतो, आपण तो बंद करतो आणि कूस बदलतो. दहाव्या दिवशी गजर लावायचाच राहून जातो. मग ती वही गणिताच्या कच्च्या कामाला लागते!

आपल्या मराठीत एक गंमत आहे बरं का! 'संकल्प सोडणे' म्हणजे खरं तर संकल्प करणे. घरी सत्यनारायण किंवा गणपतीची पूजा असली की गुरुजी यजमानांच्या उजव्या हातावर पळीभर पाणी घालतात, मंत्र म्हणतात आणि ते पाणी ताम्हनात सोडायला सांगतात. हाच संकल्प सोडणं. आपण मात्र पाण्याबरोबर संकल्पही सोडून देतो!

गुरुजी त्या वेळी काय म्हणतात, ते पुढच्या वेळी कान देऊन ऐका. संवत्सराचं नाव येतं, मग महिना, पक्ष, तिथी, वार. कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत, तेही येतं. मग पूजा करणाऱ्याचं नाव आणि शेवटी काय करणार ते. म्हणजे कोण, कधी, कुठे आणि काय, या चारही प्रश्नांची उत्तरं त्यात आली. तुमच्या घरी पूजा होत असो वा नसो, ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'मी चांगला मुलगा होईन' यात कधी, कुठे, काय यांपैकी काहीच नाही. 'मी रोज रात्री जेवणानंतर दप्तर भरून दाराशी ठेवीन' यात सगळं आहे.

नवस आणि संकल्प यांतही फरक आहे. 'देवा, मला पास कर, मी तुला नारळ वाहीन' हा झाला नवस. त्यात पहिलं काम देवाकडे. 'मी रोज दहा गणितं सोडवीन, देवा, मला बळ दे' हा झाला संकल्प. श्रद्धा दोन्हींत आहे. पण दुसऱ्यात पहिलं काम आपल्याकडे आहे.

छापखानेवाल्याची वही

आता एका वहीची खरीखुरी गोष्ट सांगते. आकाशात पतंग उडवून विजेचा शोध घेणारे बेंजामिन फ्रँकलिन तुम्हाला विज्ञानाच्या पुस्तकातून माहीत असतील. त्यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेत बोस्टन इथे झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. घरात भावंडं खूप, त्यामुळे बेंजामिनची शाळा दोन वर्षांतच सुटली. पुढे ते छपाईचं काम शिकले आणि फिलाडेल्फिया शहरात त्यांनी स्वतःचा छापखाना काढला.

तरुणपणी त्यांच्या मनात आलं, आपल्यात एकही दोष उरता कामा नये. मग त्यांनी बारा गुणांची यादी केली. बेताचं खाणं, गरजेपुरतं बोलणं, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, मनाची शांती आणि शुद्ध आचरण. ही यादी त्यांनी एका मित्राला दाखवली. मित्र म्हणाला, लोक तुला गर्विष्ठ समजतात, बोलताना तू दुसऱ्याला दडपून टाकतोस! फ्रँकलिन रागावले नाहीत. त्यांनी यादीत तेरावा गुण लिहिला, नम्रता.

मग त्यांनी एक छोटी वही केली. एका गुणाला एक पान. पानावर सात उभे रकाने, सात वारांचे. आडव्या तेरा ओळी, तेरा गुणांच्या. रोज संध्याकाळी दिवस आठवायचा आणि जिथे चूक झाली त्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणावर भर. या आठवड्यात निदान त्या ओळीवर तरी ठिपका पडू द्यायचा नाही. बागेतलं तण काढणारा माणूस सगळ्या बागेला एकदम हात घालत नाही, एकेक वाफा घेतो, तसंच हे, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. तेरा गुण, तेरा आठवडे. बावन्न आठवड्यांच्या वर्षात चार फेऱ्या! हिशेब करून बघा.

झालं काय, की जुने ठिपके खरवडून खरवडून त्या वहीला भोकंच पडली! मग त्यांनी हस्तिदंताच्या पातळ पानांवर लाल शाईने पक्क्या रेघा आखल्या आणि शिसपेन्सिलीने ठिपके द्यायला सुरुवात केली. ओल्या स्पंजने पुसलं की पान पुन्हा कोरं.

व्यवस्थितपणा काही त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. त्यावर त्यांनीच एक गोष्ट सांगितली आहे. एक माणूस लोहाराकडे कुऱ्हाड विकत घ्यायला गेला. म्हणाला, 'पात्याला धार आहेच, पण सगळी कुऱ्हाड तशीच चकचकीत करून दे.' लोहार म्हणाला, 'देतो, पण धार लावायचं चाक तू फिरव.' चाक जड, कुऱ्हाडीचा दाब जोराचा. माणूस घामाघूम झाला. मधून मधून येऊन बघायचा, कुऱ्हाड अजून ठिपक्याठिपक्यांची! शेवटी म्हणाला, 'राहू दे, अशीच नेतो.' लोहार म्हणाला, 'अरे, फिरव फिरव, होईल.' माणूस म्हणाला, 'होईल रे, पण मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड जास्त आवडते!'

हसलात ना? आपणही असंच करतो. चाक फिरवून दमलो की म्हणतो, माझा स्वभावच असा आहे! पण फ्रँकलिननी पुढे हेही लिहिलं आहे, की निर्दोष होणं जमलं नाही तरी प्रयत्न केल्यामुळे मी एरवी झालो असतो त्यापेक्षा चांगला आणि सुखी माणूस झालो.

जे वहीत नव्हतं

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर किती छान वाटलं असतं! पण एक बाब आणखी आहे. त्या काळी अमेरिकेत माणसांची खरेदी-विक्री होत असे. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना गुलाम म्हणून राबवलं जाई. फ्रँकलिन यांच्या घरातही गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिरातीही छापल्या जात. रोज संध्याकाळी स्वतःचे दोष शोधणारा हा माणूस, पण या गोष्टीला त्या तेरा ओळींत स्वतंत्र ओळ नव्हती. का बरं? कारण आजूबाजूला बहुतेकांना त्यात वावगं वाटत नव्हतं. शेजारी तेच करत, मित्र तेच करत. जे सगळेच करतात, तो दोष आहे हे डोळ्यांना दिसतच नाही.

उतारवयात त्यांचं मत बदललं. १७८७ साली ते गुलामगिरी बंद करण्यासाठी झटणाऱ्या एका संस्थेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या संसदेपुढे गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते वारले. चौदावी ओळ लिहिली गेली, पण फार उशिरा.

कोचरबची विहीर

आपल्याकडे गांधीजींनीही अशीच एक यादी केली होती. १९१५ साली अहमदाबादजवळ कोचरब इथे त्यांनी आश्रम काढला आणि आश्रमात राहणाऱ्यांसाठी व्रतं ठरवली. पुढे ही व्रतं अकरा झाली. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमाला पत्र लिहीत आणि एकेका व्रताचा अर्थ सांगत. सत्य, अहिंसा, अस्तेय म्हणजे चोरी न करणं, अशा व्रतांबरोबर त्या यादीत एक वेगळं व्रत होतं, अस्पृश्यता न पाळणं. जो दोष सगळ्या समाजाच्या अंगवळणी पडला होता, त्याला इथे स्वतंत्र ओळ मिळाली.

ओळ लिहिणं सोपं होतं. काही महिन्यांतच दुदाभाई, त्यांची पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी हे दलित कुटुंब आश्रमात राहायला आलं. लगेच विहिरीवर पाणी ओढणारा माणूस भांडू लागला, शिव्या देऊ लागला. आश्रमाला पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. पुढच्या महिन्याच्या खर्चाला पैसेच नाहीत, अशी वेळ आली. गांधीजी म्हणाले, मग आपण दलित वस्तीत राहायला जाऊ. आश्रमातल्या बायकांना, अगदी कस्तुरबांनाही, सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. पण संकल्प मोडला नाही. एके दिवशी एक शेठ मोटारीतून आले आणि तेरा हजार रुपये देऊन गेले. शिव्या गुपचूप ऐकून घेतल्यामुळे विहिरीवरचा माणूसही वरमला. छोटी लक्ष्मी पुढे गांधीजींची मुलगीच झाली.

ठिपका कुणाचा?

या दोन्ही गोष्टी मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितल्या. मुलांनी साध्या एकरेघी वहीत रकाने आखले. तेरा गुण जड होतील म्हणून पाचच घेतले. शेवटी एक रिकामी ओळ ठेवली, 'सगळे करतात म्हणून मीही करतो' अशा गोष्टीसाठी. नियम एकच, वहीत फक्त स्वतःचे ठिपके! दुसऱ्याचे मोजायचे नाहीत.

ती रिकामी ओळ आठवडाभर कुणालाच भरता येईना. मग एका मुलाने लिहिलं, 'वर्ग झाडायला आम्ही मुलींनाच लावतो.' दुसऱ्याने लिहिलं, 'तोतरं बोलणाऱ्या मुलाला सगळे हसतात, मी पण हसतो.' एक मुलगी मात्र मधल्या सुट्टीत वही छातीशी धरून माझ्याकडे आली. तिने लिहिलं होतं, 'आमच्या शेतात खुरपायला येणाऱ्या एका मावशींची कपबशी वेगळी आहे. ती पडवीच्या कोनाड्यात असते.' आणि विचारलं, 'बाई, हा ठिपका माझा की आजीचा?'

मी म्हटलं, 'नियम तुला माहीत आहे. यात तुझं काय, ते तूच शोध.' ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'चहा नेऊन मीच देते. म्हणजे माझा.'

पुढच्या रविवारी तिने चहा घरातल्या कपातून नेला. आजी खूप रागावली, दोन दिवस नातीशी बोलली नाही. आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिने सगळे कप एकत्र विसळले. कोनाड्यातली कपबशी अजून तिथेच आहे. तिच्यातून चहा मात्र जात नाही. आजी वाईट आहे का? मुळीच नाही. नातीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी आजी आहे ती. 'पूर्वीपासून चालत आलंय' एवढंच तिला कुणीतरी शिकवलेलं होतं. मुलीने तिला उलट उत्तर दिलं नाही, फक्त स्वतःचा ठिपका टाळला.

तुमची वही अशी करा

१. पाचच गोष्टी निवडा. प्रत्येकीत कधी, कुठे आणि काय ते लिहा.
२. सात वारांचे रकाने आखा. रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं द्या. चूक झाली तरच ठिपका.
३. एका आठवड्याला एकाच गोष्टीवर भर द्या. पाच आठवडे झाले की पुन्हा पहिलीपासून.
४. ठिपके जास्त पडले तर पान फाडू नका. पुढच्या फेरीत ते कमी झाले का, एवढंच बघा.
५. शेवटची ओळ रिकामी ठेवा. ती भरायला वेळ लागेल, लागू द्या.

पालकांसाठी दोन शब्द

ही वही मुलांनी स्वतःहून दाखवली तरच बघावी. 'बघ, तूच लिहिलं होतंस ना?' असं म्हणून ती मुलांवर उगारू नये, नाहीतर मूल उद्यापासून खोटी वही लिहील. आणखी एक. 'खोटं बोलणार नाही' असं लिहिणाऱ्या मुलाला फोन आला की 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' असं आपण सांगतो, तेव्हा ठिपका त्याच्या वहीत पडतो, पण देतो आपण! जमलं तर घरातल्या मोठ्यांनीही एक वही करावी. चाक दोघांनी फिरवलं तर कुऱ्हाड लवकर उजळते.

तर मग मुलांनो, गुढीपाडव्याची वाट कशाला बघायची? पट्टी घ्या, पेन्सिल घ्या आणि आज रात्रीच रकाने आखायला बसा!