जास्तीच्या पोळ्या कुणी करायच्या?

सबमिशनची रात्र. साडेअकराला लाईट गेली आणि तिन्ही मजल्यांवरून एकच आरोळी उठली. पाठोपाठ माझ्या दारावर थाप, "अरे इलेक्ट्रिकल, ग्रिड फेल झाली का रे?" हॉस्टेलमध्ये लाईट गेली की जाब इलेक्ट्रिकलवाल्यालाच विचारायचा, हा अलिखित नियम! खरं तर बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला होता आणि वायरमनकाकांनी तो पाऊण तासात बदललाही. पण ग्रिड का पडते ते सांगायचं राहूनच गेलं.

मित्रहो, ग्रिडमध्ये वीज साठवण्याची सोय अजूनही थोडीच आहे. जेवढी वापरायची तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती वाढली नाही, तर तूट फिरणाऱ्या जनित्रांच्या गतिज ऊर्जेतून भरून निघते. मग जनित्रं मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली येते. ही ग्रिडची नाडीच समजा.

२००३ चा वीज कायदा आला आणि जून २००५ मध्ये आपल्या राज्य विद्युत मंडळाची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी विभागणी झाली. वर एक होल्डिंग कंपनी. म्हणजे मेसमध्ये पोळ्या लाटणारा वेगळा, डबे वाहणारा वेगळा, वाढणारा वेगळा. पूर्वी एकच महाराज अंदाजाने दहा पोळ्या जास्तीच्या करून ठेवायचे. आता प्रत्येकजण म्हणतो, "ऑर्डर असेल तेवढ्याच." अचानक एखादा संच बंद पडला तर लागणारी राखीव वीज म्हणजे याच त्या दहा पोळ्या. त्यांचे पैसे कुणी द्यायचे?

यावर एक छान युक्ती निघाली होती. आपल्या पश्चिम विभागात २००२ पासून, ठरल्यापेक्षा जास्त ओढलेल्या विजेचा दर फ्रिक्वेन्सीवर ठरू लागला. फ्रिक्वेन्सी जितकी खाली, तितका दर चढा. ओढाताण बरीच कमी झाली. (परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि आम्ही हमखास सोडतो!)

पण नाडी बरी म्हणजे पेशंट बरा असं नाही. ३० जुलै २०१२, रात्री २.३३. फ्रिक्वेन्सी ४९.६८, म्हणजे फार वाईट नव्हती. उत्तरेची राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, पश्चिमेची कमी. तो सगळा प्रवाह बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाईनवर आला, कारण जोडीची लाईन कामासाठी बंद होती. लाईनवर फॉल्ट नव्हताच, पण एवढा लोड पाहून डिस्टन्स रिलेला तो फॉल्ट वाटला! लाईन ट्रिप झाली आणि अख्खी उत्तर ग्रिड झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तेच, या वेळी पूर्व आणि ईशान्येसकट. महाराष्ट्रात मात्र लाईट होती. पुढे २०१४ मध्ये ती जुनी दरपद्धत बदलली आणि २०१६ पासून राष्ट्रीय पातळीवर राखीव विजेचे वेगळे पैसे देणं सुरू झालं.

आपली पाळी १२ ऑक्टोबर २०२० ला आली. ग्रिड पडली तर शहराने बाजूला होऊन स्वतःच्या विजेवर चालायचं, अशी 'आयलंडिंग'ची व्यवस्था मुंबईत १९८१ पासून आहे. त्या सकाळी बाहेरून येणाऱ्या लाईन्स एकामागून एक गेल्या, पण शहरात चालू असलेली निर्मिती शहराच्या मागणीला पुरेना. लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरची वीज स्वस्त मिळत असताना जवळचे महागडे संच किती चालू ठेवायचे आणि तो खर्च कुणाच्या बिलात घालायचा, खरं भांडण इथे आहे.

आमच्या मेस कमिटीनेही मागच्या महिन्यात जास्तीच्या पोळ्या बंद केल्या. बिल कमी आलं, सगळे खूश. रविवारी गावाहून उशिरा परतलेले चौघे मात्र बिस्किटांवर झोपले. त्यात मी होतो.