लंडनचे ‘ऑयस्टर’ कार्ड

लंडनच्या बसमध्ये चढताच आम्ही सवयीने खिशातली नाणी चाचपली. चालकाने नुसती मान हलवली. २०१४ सालापासून तेथील बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कंडक्टरही नाही, कामगारांत वावरलेल्या माणसाला ती रिकामी जागा आधी दिसते. तिकिटाचे काम २००३ साली निघालेले ‘ऑयस्टर’ कार्ड करते. स्टेशनातल्या यंत्रावर त्यात पैसे भरावयाचे आणि प्रवासात ते पिवळ्या चकतीला टेकवावयाचे.

बसमध्ये चढताना एकदाच टेकवावे. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. प्रत्येक स्टेशनावर फाटक असतेच असे नाही. अशाच एका ठिकाणी आम्ही तसेच चालते झालो आणि कमाल भाडे कापले गेले. आम्ही कोठे उतरलो, हे यंत्राला कसे कळावे? पैसे मागे मागता येतात. पण ती खटपट आलीच.

गुणही सांगितले पाहिजेत. दिवसभरात कितीही फिरा, ठराविक मर्यादेपुढे भाडे कापत नाहीत. पहिल्या बसपासून तासाभरात दुसरी बस धरली, तर तिचे पैसे पडत नाहीत. गाड्या बदलून कामावर जाणाऱ्याला हा खरा दिलासा. एका कार्डावर नवराबायको दोघे मात्र जाऊ शकत नाहीत. उरलेली शिल्लक मुदतीने बुडत नाही. आमचे कार्ड आम्ही पुढे जाणाऱ्या एका सोबत्याला दिले.