कडा का टिकतो, दरड का कोसळते?

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबादहून) वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. त्याचा डोंगर नीट पाहा. खालच्या बाजूला चहूकडून खडक तासून सुमारे ५० मीटर उंचीचा सरळ उभा कडा केलेला आहे. शत्रूला वर चढता येऊ नये म्हणून यादव राजांनी हे काम करवून घेतले. कित्येक शतके पावसाळे झेलून तो कडा उभा आहे.

आता दुसरे दृश्य पाहा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या घाटात रात्रभर मुसळधार पाऊस झाला. ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि चाळीसगावकडे जाणारा रस्ता बंद झाला. दोन्हीकडे खडक एकच, दख्खनचा काळा पाषाण. मग असे का?

तुम्ही म्हणाल, घाटातला दगड कच्चा असेल. काही ठिकाणी तो झिजलेला असतो, हे खरे. पण अभियंता आधी दगडाच्या भेगा पाहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना आकसला, म्हणून या खडकात भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी मातीही असते.

एक प्रयोग करा. फरशीचे दोन तुकडे एकावर एक ठेवा आणि खालचा तुकडा एका बाजूने हळूहळू उचला. काही वेळाने वरचा घसरेल. फरशी फुटली का? नाही, फक्त दोहोंमधली पकड सुटली. आता मध्ये ओल्या चिकणमातीचा पातळ लेप देऊन पाहा. (हे अंगणात करा, नाहीतर अम्मी रागावेल!) बहुधा या वेळी तो लवकर घसरेल.

डोंगरातही असेच घडते. भेग रस्त्याच्या बाजूला उतरती असेल, तर वरचा खडक घसरू शकतो. आपल्याकडचे थर बहुतेक आडवे आहेत. उभा तासलेला कडा टिकतो, याचे हे एक कारण. परंतु उभ्या भेगांत पावसाचे पाणी साठले, की ते खडकाला बाहेर ढकलते. खालची माती वाहून गेली, तर वरचा दगड अधांतरी राहतो.

म्हणून अभियंते होकायंत्राने भेगेची दिशा आणि तिचा उतार मोजतात. मग हिशेब करतात. खडकाला धरून ठेवणारे बल १२० आणि खाली ओढणारे बल १०० असेल, तर भागाकार १.२ येतो. तो १ पेक्षा कमी झाला, की दरड सुटलीच समजा. पावसात ओढणारे बल वाढते, धरणारे कमी होते. म्हणून उन्हाळ्यातला १.२ हा आकडा पुरेसा मानत नाहीत. कायमच्या उतारासाठी तो बहुधा १.५ च्या आसपास हवा असतो.

घाटात रस्त्याकडेच्या भिंतीत लहान लहान छिद्रे दिसतात. पावसाळ्यात त्यांतून पाणी ठिबकते. ती भिंतीची गळती नव्हे. मागचे पाणी साठून राहू नये, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात.