वाडा, तळें आणि खतावणी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत गेल्या शतकाच्याही मागील शतकांत कापसाचे जे मोठमोठे मळे होते, त्यांचीं वर्णनें वाचतांना आपणांस सहज वाटतें कीं, असलें कांहीं आपल्या देशीं नव्हतें. मलाही बरींच वर्षें तसें वाटे. आमच्या माळ्यावरील एका मोडी खतावणीनें तो समज पुष्कळसा काढून टाकला.

माझे पणजोबा ब्रह्मपुरीकडील एका मालगुजाराच्या वाड्यावर दिवाणजी होते. वाड्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे, 1854 सालीं इंग्रजांकडे गेला. 1869 सालीं मेजर लूसी स्मिथ यांचा जमाबंदीचा अहवाल झाला. त्या जमाबंदीनें पूर्वीं जे केवळ गांवचा वसूल करीत, ते गांवचे मालक ठरले. कुळांकडून सारा घ्यावा, ठरलेला हिस्सा सरकारांत भरावा, उरेल तो आपला. शिवाय ‘सीर’, म्हणजे वाड्याच्या स्वतःच्या नांगरांची शेती, ती निराळीच. (अहेरीकडील जमीनदाऱ्यांची रीत वेगळी; तिचा विचार येथें केलेला नाहीं.)

हा मुलूख धानाचा, आणि धान पाण्याचें. गोंड राजांच्या काळीं तळें बांधणारास जमीन मिळे, तिला ‘तुकूम’ म्हणत. तें नांव लागलेलीं गांवें अद्याप आहेत. कोहळी लोक तर या विद्येंत निष्णात. मृगांत पऱ्हे टाकावयाचे, मग गुडघाभर चिखलांत बायांनीं रोवणी करावयाची. आणि हस्ताचा पाऊस चुकला कीं तळ्याचें तुडूम, म्हणजे पाळीच्या पोटांतील पाणी सोडण्याचें दार, उघडावयाचें. कोणाच्या बांधींत आधीं पाणी जावें, हें पाणकर पाही. भांडणें होत, तीं वाड्यावर येत.

दिवस उजाडण्यापूर्वीं सालदार गडी गोठ्यांत शिरत. भगिनीवर्गास हें ठाऊक असेलच कीं, मोठ्या घरांत कोठीची किल्ली ज्या सासूबाईंच्या कमरेला, त्यांचेंच राज्य. वाड्यावर आठवड्याचें धान त्यांच्या देखत मापून निघे, आणि पणजोबा तें लिहून घेत. त्यांचें अक्षर मोत्यासारखें आहे.

त्या सुंदर अक्षरांतच मला एका गड्याचें खातें सांपडलें. लग्नासाठीं त्यानें 40 रुपये घेतलेले. वर्षाचें ठरलेलें धान, एक घोंगडी आणि एक जोडा एवढा त्याचा मोबदला. आषाढांत घरचें सरलें कीं वाड्यावरूनच सवाईनें किंवा दिढीनें धान, म्हणजे एक खंडीची सव्वा किंवा दीड खंडी परत. पानें उलटीत गेलों. मुद्दल कांहीं हलेना. एके ठिकाणीं त्याच्या नांवावर रेघ मारून खालीं मुलाचें नांव लिहिलें आहे. रक्कम तीच, किंबहुना थोडी अधिक.

त्याला कोणीं बाजारांत विकलें नाहीं, त्याचीं मुलें त्याच्यापासून तोडलीं नाहींत. हा भेद लहान नव्हे. पण गांव सोडण्याची त्याला मुभा नव्हती. जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील दास्यविमोचनासाठीं झटणाऱ्या लोकांस अर्पण केली. तेव्हां हें खातें चालू होतें.

मालगुजारी 31 मार्च 1951 रोजीं संपली. चांदा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. वेठबिगारीस बंदी करणारा कायदा मात्र 1976 चा. तळीं सरकारांत जमा झालीं. ‘माजी मालगुजारी तलाव’ यांतलीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. कित्येक गाळानें भरलीं आहेत.

आमच्या गांवचें तळें मात्र भरतें. त्याच्या पाळीच्या दुरुस्तीचा खर्चही त्याच खतावणींत आहे. माती वाहणाऱ्यांच्या यादींत त्या बापलेकांचीं नांवें आहेत, आणि मजुरीच्या रकान्यांत ‘बेगार’ एवढाच शब्द.

हल्लीं नातीला मोडी शिकवीत आहें. त्या पानापर्यंत ती अजून आलेली नाहीं.