बेल्ट नवा, टेन्शनर जुनाच?

बेळगावच्या कॅम्पातून निपाणीकडे जायला पहाटे गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून चिवचिव ऐकू आली, की बहुतेक जण फॅन बेल्ट बदलून मोकळे होतात. थोड्याच दिवसांत आवाज पुन्हा हजर. अशा वेळी टेन्शनर तपासायलाच हवा. स्प्रिंगच्या जोरावर बेल्ट ताणून धरणारा आर्म आणि त्याच्या टोकाची पुली, एवढाच हा भाग.

डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे क्रँक झटके देत फिरतो. ते झटके हा आर्म सोसतो. आयडलिंगला बॉनेट उघडा, हात आणि सैल कपडे लांब ठेवा, आर्मकडे पाहा. किंचित थरथर चालते. आर्म जोरात मागेपुढे उडत असेल किंवा बेल्ट पुलीच्या कडेला सरकला असेल, तर टेन्शनर गेला समजा.

खोलण्याआधी बेल्टच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पान्याने आर्म स्प्रिंगविरुद्ध फिरवला की बेल्ट सुटतो. तेवढ्यात बाकीच्या पुल्या हाताने फिरवून घ्या. बेअरिंगची खरखर बोटांना लगेच कळते. नवा टेन्शनर बसवताना बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळा, अंदाजाने नको.

बेल्ट तुटला तर चार्जिंग आणि एसी बंद. काही गाड्यांचा वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. निपाणीच्या वाटेवरील तवंदी घाटाच्या चढणीला असे इंजिन झपाट्याने तापते. बॅटरीचा लाल दिवा लागून तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी तिथेच कडेला घेऊन बंद करा.