भिंगाचा नंबर एआय सांगणार, मग चष्मा सुटणार?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगाचा नंबर आता एआय ठरवतो, अशा जाहिराती वाचून अनेकजण विचारतात, ‘म्हणजे नंतर चष्मा लागणारच नाही ना?’

हा नंबर चुकण्याचा इतिहास पहिल्या भिंगाइतकाच जुना आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1949 रोजी हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. भिंग बसलं, पण रुग्णाला भलामोठा उणे नंबर आला. पुढे 1967 मध्ये सोव्हिएत डॉक्टर फ्योदोरोव्ह यांनी प्रकाशशास्त्रावरून भिंगाचं गणित मांडलं.

1980 मध्ये सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी वेगळी वाट धरली. आधीच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांचे निकाल तपासून त्यांनी सूत्र काढलं: भिंगाच्या प्रकारानुसार ठरणाऱ्या एका अंकातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, शक्तीची 0.9 पट वजा करायची. जुन्या निकालांवरून शिकून पुढचा अंदाज बांधायचा, हेच तर एआय करतं! फक्त तेव्हा त्याला कोणी एआय म्हणत नव्हतं.

खरी मेख वेगळीच आहे. डोळ्याची लांबी मोजता येते; ती साधारण 23.5 मिलिमीटर असते आणि तिथे एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने हुकतो. पण नवं भिंग मूळ भिंगाच्या पिशवीत नेमकं किती खोल जाऊन स्थिरावेल, हे शस्त्रक्रियेआधी मोजताच येत नाही. नैसर्गिक भिंग चार-पाच मिलिमीटर जाड, नवं त्याच्या मानाने अगदी पातळ. ही खोली ताडण्यात एआयची खरी मदत होते. वॉरन हिल यांची ‘हिल-आरबीएफ’ ही एआय पद्धत तर ओळखीबाहेरचा डोळा आला की तसं स्पष्ट सांगते. हा प्रामाणिकपणा मला तिच्या अचूकतेहूनही मोलाचा वाटतो.

मात्र माप चुकीचं दिलं तर उत्तरही चुकणारच. पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूतून प्रकाशकिरण पार जात नाहीत, म्हणून प्रकाशावर चालणारं यंत्र लांबी मोजू शकत नाही. मग अल्ट्रासाउंड वापरावा लागतो, आणि त्याची कांडी पारपटलावर जरा जास्त टेकली तरी डोळा आखूड मोजला जातो. कोरड्या डोळ्यांमुळे किंवा कॉन्टॅक्ट लेन्समुळेही पारपटलाचं माप बिघडतं.

म्हणून मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबू नका. मोजणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस काढून ठेवायची, हे डॉक्टरांना विचारा. चष्मा सुटेल याची हमी मात्र एआयकडेही मागू नका.