छत्री फिरली, मालिका राहिली!

दिवाळीला औंढा नागनाथला घरी गेलो, तर गच्चीवरची आमची छत्री चक्क तोंड फिरवून बसलेली! पुण्यातून दर महिन्याला मी रिचार्ज मारायचो. दोन महिन्यांपूर्वी आई म्हणाली, ‘राहू दे, कोण बघतंय टीव्ही?’ खरं कारण आत्ता कळलं. ‘कशाला उगी पैसे घालवायलास? फुकट दिसायलंय की!’

औंढ्याला हे फिरणं नवीन नाही म्हणा. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथाचं देऊळ फिरलं आणि नंदी मागेच राहिला, अशी इथली आख्यायिका. आमची छत्री मात्र फिरली डीडी फ्री डिशसाठी.

फंडा एकदम सोपा आहे. डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली ही दूरदर्शनची सेवा. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्या, महिन्याचं बिल शून्य. मग पैसा येतो कुठून? खासगी चॅनेल्स प्रसार भारतीच्या ई-लिलावात बोली लावून जागा घेतात आणि तो खर्च जाहिरातींतून काढतात. म्हणजे साबण, चहापत्तीच्या जाहिराती बघून बिल आईच भरते!

आणि आपण? 2019 मध्ये आलेल्या नियमांत पहिल्या 100 चॅनेल्सचं नुसतं भाडंच तेव्हा 130 रुपये होतं, जीएसटीसकट 153 रुपये 40 पैसे. पे चॅनेलचे पैसे वेगळे. वर जाहिराती आहेतच. डबल बिल, बॉस!

मग सगळ्यांनीच छत्री फिरवायची का? जरा थांबा. फुकटात सगळं मिळालं तर पॅक घेणार कोण, हे टेन्शन मोठ्या कंपन्यांनाही आहे. म्हणूनच स्टार उत्सव, झी अनमोलसारखे चॅनेल्स मार्च 2019 मध्ये फ्री डिशवरून उतरले, 2020 मध्ये परतले आणि एप्रिल 2022 मध्ये पुन्हा उतरले. प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही. बिलच भरत नाही, तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

त्यात मराठीची गोची वेगळीच. जाहिरातदाराला एका दमात जास्तीत जास्त घरं हवीत, ती हिंदीत मिळतात. मराठीसाठी सह्याद्री आहे; पण झी मराठी, स्टार प्रवाहच्या रोजच्या ताज्या मालिका पे पॅकमध्ये.

रात्री जेवणं झाली. आई कुठलीतरी हिंदी मालिका बघत होती, अर्धं लक्ष भाजी निवडण्यात. मी विचारलं, ‘तुझी ती मराठी मालिका?’

‘ती इथं नाही लागत,’ ती म्हणाली. मग हळूच, ‘त्या पोरीचं पुढं काय झालं रे? मोबाइलवर बघून सांग की.’

देऊळ फिरलं तेव्हा नंदी मागे राहिला. छत्री फिरली तेव्हा आईची मालिका.

तुम्हीही गावाकडचा रिचार्ज मारत असाल, तर पॅक निवडण्याआधी एक फोन करा. आई नेमकं काय बघते ते विचारा. सुटं चॅनेलही घेता येतं. आणि ‘मी कुठं टीव्ही बघते’ हे उत्तर आलं, तर त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका!